डोंगराचं जिगसॉ पझल कसं डिझाइन करायचं: चित्रात डोंगर, कापात चढ

गेल्या वर्षी बाबांच्या पासष्टीला मी त्यांना कळसूबाईचं जिगसॉ पझल करून दिलं आणि तेव्हापासून ओळखीतले सात-आठ जण तरी विचारून गेलेत, की कसं केलंस, कुठे कापून घेतलंस, आमच्या मुलाचं करता येईल का, एका मैत्रिणीला तर स्वतःच्या नोकरी सोडण्यावर करायचंय. दर वेळी तेच तेच व्हॉइस नोटमध्ये सांगून माझा घसा बसतो, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून काढते. मोठं होणार आहे, चहा घेऊन बसा.

मी नाशिकला एका प्रेसमध्ये डिझाइन करते, लग्नपत्रिका, हँडबिलं, निवडणूक आली की दिवसरात्र फ्लेक्स. त्यामुळे कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर आणि छपाई येत होती, पझल अजिबात येत नव्हतं. पहिलं पूर्ण वाया गेलं, दुसरं जवळजवळ गेलंच होतं, तिसरं जमलं. खाली जे सांगतेय त्यातलं निम्मं त्या दोन फुकट गेलेल्या बोर्डांनी शिकवलेलं आहे.

सगळ्यात आधी: काय दाखवायचं नाही

डोंगर आणि माणसाची प्रगती म्हटलं की डोक्यात पहिलं काय येतं? शिखरावर हात वर केलेला माणूस, मागे सूर्य, खाली एक इंग्रजी वाक्य. असं चित्र कापलं की मिळतं ते कापलेलं पोस्टर, पझल नाही. पोस्टरकडे माणूस दोन सेकंद बघतो, पझलमध्ये तीन-चार संध्याकाळी हात घालून बसतो, म्हणजे चढ डोळ्यांना नाही तर हातांना कळला पाहिजे. कुठे सोपं जावं, कुठे अडकावं, कुठे वाटावं की झालं आता आणि मग कळावं की अजून आहे, हे सगळं तुकडे कसे कापलेत त्यातून येतं. म्हणून कामं दोन आहेत, एक चित्र आणि एक कापाचं डिझाइन, आणि दुसऱ्याला पहिल्याइतकाच वेळ द्यायचा.

ही काही माझी अक्कल नाही. १७६० च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाच्या नकाशे करणाऱ्या माणसाने नकाशा लाकडावर चिकटवून देशांच्या सीमेवरून कापला, मुलांना भूगोल शिकवायला. म्हणजे अगदी सुरुवातीच्या पझलमध्ये प्रत्येक कापाला अर्थ होता. पुढे पुठ्ठ्याची पझलं डाय, म्हणजे कापायचा साचा, मारून निघायला लागली आणि कोणतंही चित्र असो, काप तोच, मांजर असो वा ताजमहाल.

पायरी १: गोष्ट लिहून काढा, पण विशेषणं नकोत

"जिद्द", "चिकाटी", "सकारात्मकता" असले शब्द चित्रात काढता येत नाहीत. तुमच्या माणसाचं नक्की काय झालं ते कागदावर लिहा, तारखा, आकडे, वस्तू. बाबांचं असं होतं: पासष्टीच्या दोन वर्षं आधी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन, मग फिजिओथेरपी. गुडघा किती वाकतो ते दर आठवड्याला मोजायचे आणि तो कागद आमच्या फ्रिजवर लावलेला असायचा. ४०, ६५, ८०, ९०, मध्ये तीन आठवडे ९० वरच अडकलेला, आणि शेवटी ११०. आठ महिन्यांनी ते आणि मी बारी गावातून कळसूबाईला निघालो आणि पहिल्या शिडीपाशी जाऊन परत आलो. शिखर नाही. पुढच्या वर्षी शिखर.

हा फ्रिजवरचा कागद हीच माझी सगळी सामग्री. तुमच्याकडेही असं काहीतरी असतं, रद्द झालेलं तिकीट, पास न झालेली मार्कशीट, बँकेचं पासबुक. ते सापडेपर्यंत पेन्सिल उचलू नका.

आणि डोंगर खरा घ्या. इंटरनेटवरचा बर्फाचा त्रिकोण कोणाचाच नसतो. ज्याच्यासाठी करताय तो ज्या डोंगरावर धापा टाकत गेलाय तोच घ्या, मग तो पर्वती का असेना. आम्ही घेतलं कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच, नाशिकहून घोटीमार्गे बारीला उतरलं की समोरच. शिवाय त्या कळसूची गोष्ट मला फार आवडते, भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही या अटीवर कामाला राहिलेली मुलगी, ती कामं सांगितली तशी उठून डोंगरावर निघून गेली. म्हणजे आमच्या भागातल्या सगळ्यात उंच जागी जी बसलीये ती भांडी घासायला नाही म्हणून तिथे गेलीये, असो, विषय तो नाही.

पायरी २: साइज आणि तुकडे

पहिल्यांदा करताय तर ए-३ च्या वर जाऊ नका. कारण साधं आहे, प्रिंट कुठेही निघते आणि लेझरने कापणाऱ्या छोट्या मशीनवर बसतं. ए-३ म्हणजे ४२० बाय २९७ मि.मी. आडवे २० आणि उभे १५ असे ३०० तुकडे केले तर प्रत्येक तुकडा २१ बाय १९.८ मि.मी. येतो, जवळजवळ चौकोनी, बोटात नीट धरता येतो. लहान मुलांसाठी किंवा ज्यांची नजर, बोटं कमजोर आहेत त्यांच्यासाठी ए-४ वर १२ बाय ८ म्हणजे ९६ तुकडे घ्या, ते साधारण २५ मि.मी. चे येतात. मी आधी बाबांसाठी ५०० करणार होते, पण ए-३ वर ५०० म्हणजे तुकडा १६ मि.मी. चा, पासष्टीच्या माणसाला ते गिफ्ट नाही, शिक्षा.

२० बाय १५ मध्ये कडेचे तुकडे ६६ होतात, चार कोपरे धरून. हा आकडा लक्षात ठेवा, कारण बहुतेक माणसं आधी कड जुळवतात. म्हणजे तुमच्या गोष्टीची सुरुवात त्या ६६ तुकड्यांत होणार, तुम्हाला आवडो न आवडो. मी खालच्या कडेला भाताची खाचरं, लाल माती, बारीची कौलं आणि एका कोपऱ्यात बाबांची पांढरी ॲम्बेसेडर टाकली, जी विकून वीस वर्षं झाली. माणूस बसल्या बसल्या पहिल्या दहा मिनिटांत ओळखीच्या जागी पोचला पाहिजे.

पायरी ३: चित्र

मी पोस्टर कलरने हातानेच काढलं. डिजिटल काढायला हरकत नाही पण हाताच्या ब्रशचे ओरखडे पझलमध्ये फार उपयोगी पडतात, कारण एका तुकड्यावरचा ओरखडा शेजारच्या तुकड्यावर पुढे जातो आणि जुळवणाऱ्याला तोच धागा मिळतो. सपाट ग्रेडियंट, म्हणजे हळूहळू बदलत जाणारी गुळगुळीत छटा, दिलात की मेला तो धागा.

सह्याद्रीच्या चित्रात तीन अडचणी येतात.

पहिली आकाशाची. फोटोत अर्धं आकाश असलं तरी छान दिसतं, पझलमध्ये अर्धं आकाश म्हणजे दीडशे निळे तुकडे, आणि मग लोक डबा बंद करून माळ्यावर टाकतात. मी आकाश एक पंचमांशावर आणलं आणि तेही पावसाळ्यानंतरचं, फाटलेल्या ढगांचं, प्रत्येक ढगाला कड असलेलं.

दुसरी लांबच्या डोंगररांगांची. कळसूबाईवरून अलंग-मदन-कुलंग, खाली भंडारदऱ्याचं पाणी, पलीकडे रतनगड असं सगळं दिसतं आणि हवेमुळे जितकं लांब तितकं निळसर आणि फिकं होत जातं. चित्रकलेच्या बाईंनी शाळेत शिकवलेलं हेच, लांबचं फिकं. सुंदर दिसतं, पण तीन फिक्या रांगा शेजारी शेजारी आल्या की तुकड्यांत फरकच कळत नाही. म्हणून प्रत्येक रांगेच्या निळ्यात मी थोडा वेगळा रंग मिसळला, एकीत जांभळा, एकीत हिरवट, एकीत मातकट. लांबून बघितलं तर निळंच दिसतं, हातात तुकडा घेतला की वेगळं.

तिसरी अडचण आपल्या डोंगरांचीच आहे आणि ती मला दुसऱ्या बोर्डापर्यंत कळलीच नाही. सह्याद्री म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे आडवे थर, एकावर एक, म्हणून कडा पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. या थरांना डेक्कन ट्रॅप म्हणतात, त्यातला ट्रॅप हा शब्दसुद्धा स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आलाय. आता काळा कातळ, हिरवी पट्टी, काळा कातळ, हिरवी पट्टी असं आडवं चित्र आणि तुमचे कापही आडव्या ओळींतच, दोन्ही एकावर एक बसले की अख्खी ओळ काळी आणि अख्खी ओळ हिरवी. वीस तुकडे सारखे. उपाय म्हणजे थर किंचित तिरके काढा आणि जिथे रंग बदलतो ती रेघ तुकड्याच्या मधोमध जाईल असं बघा, कापावर येऊ देऊ नका.

समोरच्या भागात सोनकीचे पिवळे ठिपके टाका, ऑगस्ट-सप्टेंबरला असतातच, आणि पझलमध्ये पिवळा ठिपका म्हणजे अंधारातला दिवा. कारवी काढायची असेल तर तीही काढा, सात वर्षांनी एकदा फुलणारं झुडूप, या विषयाला इतकं चपखल की मी मुद्दाम टाळलं, जरा जास्तच झालं असतं. तुमचं तुम्ही ठरवा.

आता फ्रिजवरचा कागद. तो मी चित्रात लिहिला नाही. गावातून वर जाणारी पायवाट काढली आणि तिची वळणं त्याच कोनांची केली, कोनमापक लावून. सगळ्यात खालचं वळण ४० अंशांचं, एकदम टोकदार, मग ६५, मग ८०, मग ९० ची तीन वळणं लागोपाठ, त्या तीन आठवड्यांची, आणि शिडीच्या आधीचं मोकळं ११० चं. बाहेरच्याला ती फक्त वाट दिसते. अशी एखादी गोष्ट तुमच्या पझलमध्ये नक्की ठेवा, जी फक्त त्या घराला कळेल.

पायरी ४: खिडकीची परीक्षा

लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे करा.

एक जुनं पोस्टकार्ड किंवा पत्रिकेचा जाड कागद घ्या, त्यात तुकड्याच्या साइजची खिडकी कापा, माझ्या केसमध्ये २१ मि.मी. चा चौकोन. आता ते चित्रावर ठेवा आणि खिडकीतून जेवढं दिसतं तेवढंच बघून स्वतःला विचारा, की हा तुकडा कुठला ते मला सांगता येईल का? रंग बदलतोय का, एखादी रेघ जातेय का, ब्रशचा ओरखडा आहे का? खिडकी सरकवत सरकवत वीस-पंचवीस ठिकाणी बघा, डोंगराचा मधला भाग आणि आकाश तर इंच इंच. जिथे खिडकीत नुसताच सपाट हिरवा दिसला तिथे मी पेन्सिलने फुली मारली. पहिल्या चित्रावर ३१ फुल्या झाल्या. मग प्रत्येक फुलीवर काहीतरी दिलं, गुराखी, धबधब्याची पांढरी रेघ, दगडावरचा भगवा बाण, उडणारी घार, घाणेरीचं झुडूप. चित्र उगाच गजबजलं असं वाटेल, वाटू द्या, पझलच्या चित्राला थोडी गर्दी शोभते.

सगळ्या फुल्या मात्र पुसू नका. चार-पाच राहू द्या, पण त्या कुठे राहू द्यायच्या ते तुम्ही ठरवा. माझ्या राहिल्या त्या ९० च्या तीन वळणांच्या आसपास. तिथे हिरव्यावर हिरवं आहे. तिथे माणूस अडकतो.

पायरी ५: कापाचं डिझाइन

साधी जाळी करायला इंकस्केप हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं, आणि ओळी-रांगांचा आकडा टाकला की जिगसॉची जाळी एसव्हीजी, म्हणजे रेघांच्या, फाइलमध्ये काढून देणारे फुकट जनरेटरही ऑनलाइन आहेत. २० आणि १५ टाका, साइज मि.मी. मध्ये द्या, फाइल घ्या, कोरलमध्ये उघडा. हे झालं पाच मिनिटांचं काम. खरं काम पुढे.

चित्राची प्रत हलकी करून खालच्या लेयरवर ठेवा आणि वरच्या लेयरवर जाळी. मी उंचीप्रमाणे तीन भाग केले. खालच्या सहा ओळी, गाव आणि खाचरं, तिथे जाळी जशीच्या तशी ठेवली, तुकडे नेहमीचे, सोपे. मधल्या पाच ओळींत जाळीच्या रेघा वाटेच्या दिशेने थोड्या वाकवल्या, त्यामुळे तुकडे तिरके झाले आणि नेहमीचं कोपऱ्याला कोपरा लावायचं गणित चालेनासं झालं. वरच्या चार ओळी पूर्ण पुसल्या आणि हाताने पेन टूलने काढल्या.

या वरच्या भागात दोन युक्त्या वापरल्या. एक म्हणजे रंगाच्या रेघेवरूनच कापणं. सहसा काप रंगाच्या मधून जातो म्हणून अर्धा डोंगर या तुकड्यावर आणि अर्धा त्या तुकड्यावर येतो, जुळवणं सोपं. पण काप बरोब्बर डोंगराच्या कडेवरून नेला, तर एका बाजूला नुसतं आकाश आणि दुसऱ्या बाजूला नुसता डोंगर, आणि जुळवणाऱ्याला वाटतं दोन्ही पूर्णच आहेत. कळसूबाईला जो गेलाय त्याला माहितीये, आलं आलं म्हणून वर बघावं आणि पुढे अजून एक शिडी उभी. त्या खोट्या शिखराच्या कडेवरून मी एवढा एकच काप असा नेला. एकच. सगळीकडे केलंत तर लोक शिव्या घालतील.

दुसरी युक्ती आकाराच्या तुकड्यांची. लाकडी पझलवाले पूर्वीपासून असे खास आकाराचे तुकडे घालतात, पक्षी, किल्ली, माणूस. माझे सात आहेत: काठी, कोल्हापुरी चप्पल, गुडघ्याचा पट्टा, शिडी, घार, देवळाचा कळस आणि एसटीची स्टेअरिंग, कारण बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. सातच, कारण जास्त झाले की जत्रेतली खेळणी वाटतात. आणि प्रत्येक आकार आपल्या जागी, चप्पल वाटेवर, घार आकाशात.

रतनगडाचं नेढं हे माझं सगळ्यात लाडकं. खऱ्या रतनगडावर कातळाला आरपार भोक आहे, वारा असा येतो की टोपी उडते. पझलमध्येही तिथे आरपार भोक ठेवलं, ७ मि.मी. चं. तुकडा हरवलाय असं प्रत्येकाला वाटतं.

काही नियम, जे मोडले की बोर्ड वाया जातो:

- तुकड्याचं जे डोकं बाहेर येतं त्याची मान ४ मि.मी. पेक्षा बारीक नको, तुटते. पण फार जाडही नको, नाहीतर अडकतच नाही.
- हाताने काढलेल्या दोन रेघा ६ मि.मी. च्या आत जवळ येऊ देऊ नका.
- आकाराच्या तुकड्यात कुठलाही भाग ३ मि.मी. पेक्षा निमुळता नको. माझी पहिली घार चोचीशिवाय उडतेय.
- प्रत्येक रेघ एकदाच. दोन शेजारच्या तुकड्यांची दोन वेगळी आउटलाइन काढलीत तर लेझर तिथे दोनदा जातो, कड जळते आणि फट वाढते.
- सगळ्या कापाच्या रेघा लाल, हेअरलाइन, म्हणजे सगळ्यात बारीक जाडीच्या. सगळं कर्व्हमध्ये कन्व्हर्ट केलेलं. बहुतेक लेझरवाले कोरल घेतात, तरी डीएक्सएफ फाइलही सोबत द्या.

ओळी पुसून, जोडून, आकार घालून शेवटी मोजले तर माझे २८६ तुकडे झाले. ३०० च पाहिजेत असं कोणी सांगितलंय.

पायरी ६: छपाई आणि चिकटवणं

चित्र स्कॅन करताना ए-३ स्कॅनर नसेल तर दोन भागांत करून जोडा, ३०० डीपीआय पुरे. चारी बाजूंना ३ मि.मी. ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा जादा भाग, धरून फाइल ४२६ बाय ३०३ मि.मी., म्हणजे ५०३१ बाय ३५७९ पिक्सेल. सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंमध्ये, नेलं की पावसाळी हिरवा आणि निळा मरतो, हे आमच्या धंद्यातलं रोजचं रडगाणं. म्हणून आधी ए-४ वर चित्राचा फक्त डोंगर आणि आकाशाचा तुकडा छापून बघा, आणि तो उजेडात नाही तर ज्या ट्यूबलाइटखाली पझल लावणार तिथे बघा. कागद मॅट घ्या, ग्लॉसी चमकतो आणि रात्री काही दिसत नाही.

आता एक गोष्ट ठळक अक्षरात वाचा. फ्लेक्सवाल्याकडचं व्हिनाइल स्टिकर लेझरखाली घालायचं नाही. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, ते जळलं की क्लोरीनचा आम्लधूर निघतो, माणसाच्या फुफ्फुसाला वाईट आणि मशीनही गंजतं. मी स्वतः पहिल्या वेळी तेच घेऊन गेले होते, प्रेसमध्ये पडलेलंच होतं म्हणून, आणि लेझरवाल्या पोराने हातात घेऊन परत दिलं, "मॅडम, हे नाही चालत." नशीब. कागदच पाहिजे.

बोर्ड ३ मि.मी. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला. कागद फेविकॉलने चिकटवता येतो पण पाण्याचा अंश असल्याने फुगे येतात आणि बोर्ड एका बाजूने ओढला जाऊन वाकतो, माझा पहिला बोर्ड सकाळी उठून बघितलं तर उडदाच्या पापडासारखा. दोन उपाय: एक तर दोन्ही बाजूंना चिकट असलेली शीट वापरा, किंवा फेविकॉलच वापरायचं तर मागच्या बाजूलाही तसाच कागद लावा, म्हणजे दोन्हीकडून सारखं ओढलं जाईल. मग सपाट फळीखाली, वर जड वजन ठेवून २४ तास. आमच्याकडे वजन म्हणजे पिठाचा डबा आणि दिवाळी अंकांचा गठ्ठा. मागच्या कागदावर काही छापता आलं तर छापा, मी फ्रिजवरच्या त्या कागदाचाच स्कॅन फिका करून छापला.

पायरी ७: लेझर

कापायला किती वेळ लागेल ते आधी काढता येतं, आणि काढावंच, कारण बरेच जण मिनिटावर पैसे लावतात. आडव्या १४ रेघा गुणिले ४२०, उभ्या १९ गुणिले २९७, मिळून सरळ साडेअकरा मीटर, डोक्यांच्या वळणांमुळे ते दीडपट धरा, साधारण १७ मीटर. सेकंदाला १५ मि.मी. वेगाने गेलं तर वीसेक मिनिटं. दुकानदार तासाचं बोलला तर हे गणित समोर ठेवा, शांतपणे.

छापील बाजूवर मास्किंग टेप किंवा ट्रान्सफर टेप पूर्ण लावून घ्या, नाहीतर धुराचे पिवळे डाग आकाशात बसतात. आधी कोपऱ्यातल्या रद्दी भागावर चार तुकडे कापून बघा, सुटतात का, ढिले पडतात का. लेझर स्वतः साधारण ०.१ ते ०.२ मि.मी. लाकूड खातो, ती फट राहणारच, पण फोकस नीट असला आणि एकाच फेरीत कापलं गेलं तर कमी राहते. दोन फेऱ्या मारल्या की ढिलं.

चित्र वर ठेवून कापायचं की पालथं घालून, दोन्ही चालतं. पालथं घातलं तर धूर मागच्या बाजूला जातो, चित्र स्वच्छ राहतं, पण मग कापाची फाइल आरशासारखी उलटी करावी लागते. दुसऱ्या बोर्डाला मी पालथं घातलं आणि फाइल उलटी करायला विसरले. घार गेली खाचरात, चप्पल गेली ढगात आणि नेढ्याचं भोक पडलं बरोब्बर देवळाच्या दारात. तो बोर्ड अजून आहे माझ्याकडे, भाची खेळते.

बोर्ड मशीनवर नेमका बसवायला आधी टाकाऊ पुठ्ठ्यावर फक्त बाहेरची चौकट कापा, ती हलवू नका, त्या खाचेत बोर्ड ठेवा. कापून झालं की तुकडे एकेक उचलत बसू नका, खालून पत्रा किंवा फाइलचा पुठ्ठा सरकवा, वर दुसरा ठेवा आणि पोळी उलटतो तसं उलटं करा. टेप काढायला वेळ लागतो, २८६ तुकड्यांची टेप, दोन एपिसोड जातात. कडा कोरड्या फडक्याने पुसा आणि चार दिवस उघड्यावर ठेवा, जळका वास जातो.

लेझर जवळपास नसेल तर ३ मि.मी. प्लायवर बारीक पात्याच्या हातकरवतीने ए-४ चे ४०-५० तुकडे एका रविवारात होतात. किंवा बाइंडिंगवाल्याकडचा २ मि.मी. कप्पा बोर्ड घ्या, नुसत्या नागमोडी रेघांनी कटरने कापा, डोकी-खाचांच्या नादी लागू नका, पातं घसरतं. आणि जे ऑनलाइन फोटो पझल छापून देतात त्यांच्याकडे काप ठरलेला असतो, तिथे तुमच्या हातात फक्त चित्र आणि खिडकीची परीक्षा, तेवढ्यावरही बरंच काही होतं.

पायरी ८: परक्या माणसाला द्या

तुम्ही स्वतः लावून बघण्याला काही अर्थ नाही, तुम्हाला पाठ झालेलं असतं. ज्याने चित्र बघितलं नाहीये अशा दोघांना द्या आणि गप्प बसा, मदत करायची नाही. मी शेजारच्या सातवीतल्या मुलीला आणि आमच्या प्रेसमधल्या बाइंडरकाकांना दिलं. मुलीचं सव्वातीन तासांत झालं, काका दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत बसायचे. दोघंही तीन वळणांपाशी अडकले, जे हवं होतं, पण दोघंही कुलंगच्या उजव्या हातालाही अडकले, जे नको होतं. तिथे मी एक ढगाची सावली वाढवली आणि पुन्हा छापलं, तिसरा बोर्ड तो.

डब्याला मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका चालतो, आत सुती पिशवी. झाकणावर चित्र लावायचं का यावर घरात वाद झाला. मी पोस्टाच्या तिकिटाएवढं लावलं, अडलं तर बघावं इतकंच. आणि फायली जपून ठेवा, दोन ठिकाणी. तुकडा हरवला तर उरलेल्या प्रिंटमधून तेवढाच एक तुकडा पुन्हा कापता येतो, हे विकतच्या पझलला होत नाही.

पासष्टीच्या दिवशी बाबांनी पहिल्यांदा दोन तुकडे जोडले, हलवून बघितले आणि म्हणाले, "प्ले जरा जास्त आहे गं." प्ले म्हणजे ढिलेपणा. मेकॅनिक. मग चष्मा काढला, लावला, ॲम्बेसेडर सापडल्यावर आईला हाक मारली. वळणांचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी रात्री तीन वळणांपाशी बसले होते, तुकडे मागून चाळत, आणि एकदम मागचा आकडा वाचून थांबले. मग उठून फ्रिजकडे गेले. तो कागद तिथे नव्हता, मी स्कॅनला काढलेला तो परत लावलाच नव्हता. परत येऊन काही बोलले नाहीत, कंपासपेटीतला माझा कोनमापक घेऊन वाटेवर लावत बसले.

शेवटचा कळसाचा तुकडा बसवला तेव्हा साडेअकरा वाजले होते. मी वाट बघतेय काय म्हणतात. ते दोन मिनिटं नुसतं बघत राहिले आणि शेवटच्या शिडीच्या अलीकडे बोट ठेवलं.

"इथली विहीर राहिली की."

खरंच राहिली होती. चौथ्या बोर्डाचं चित्र सध्या टेबलावर आहे, विहिरीचा काठ २१ मि.मी. च्या खिडकीत नीट बसत नाहीये.